नेमणूक करणाऱ्याची लिंगओळख : मराठी साहित्य, चित्रपट आणि मनुष्यबळ व्यवस्थापन (भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

लिंगभावाच्या अंगाने मराठी साहित्याची चिकित्सा गेल्या तीन-चार दशकांत विपुल झाली आहे. संतकवयित्रींपासून दलित स्त्रियांच्या आत्मकथनांपर्यंत आणि जोगतिणींच्या जीवनावरील कादंबऱ्यांपासून तृतीयपंथीयांच्या आत्मकथनापर्यंत हा अभ्यास पोहोचला आहे. या चिकित्सेतून लिंगओळखीची जी स्थळे पुढे येतात ती मात्र ठरावीक आहेत : माजघर, देऊळ, तमाशाचा फड, शहरातील रस्ता आणि अलीकडे न्यायालय. माणसाचे दिवसातले आठ-दहा तास जिथे जातात आणि जिथे त्याच्या पोटाचा निर्णय होतो ती कचेरी या यादीत क्वचितच येते. त्यातही नेमणूक करणारी, मुलाखत घेणारी, तक्रार ऐकणारी आणि कामावरून कमी केल्याचे पत्र देणारी जी व्यक्ती आज 'एचआर' या दोन अक्षरांनी ओळखली जाते, तिला स्वतःला काही लिंगओळख आहे की नाही, हा प्रश्न मराठी लेखनाने फारसा विचारलेला नाही. ही गैरहजेरी काही निवडक कलाकृतींच्या आधारे तपासणे आणि भोर व वेल्हे या परिसराच्या संदर्भात तिचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे दोन संकल्पनांतील भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. एखाद्या व्यक्तीला कोणाविषयी आकर्षण वाटते तो तिचा लैंगिक कल होय; ती स्वतःला स्त्री, पुरुष वा या दोहोंपलीकडची मानते ती तिची लिंगओळख होय. मराठी लेखनात, आणि दुर्दैवाने कचेऱ्यांतील प्रशिक्षणवर्गांतही, या दोन गोष्टींची सरमिसळ होते. पुढील विवेचनात दोन्हींचे उल्लेख येतील. भर मात्र दुसरीवर आहे.

गड्याचा रोज, बाईचा रोज

भोर आणि वेल्हे (आता राजगड या नावाने ओळखला जाणारा तालुका) हा सह्याद्रीच्या कुशीतला भाताचा मुलूख. हिरडस मावळ आणि गुंजण मावळ ही त्याची जुनी नावे. 'मावळा' हा शब्द याच खोऱ्यांनी मराठी मनाला दिला. या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप सहसा कोणी वापरत नाही, ही बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु ज्या भूमीची ओळखच पुरुषी पराक्रमाच्या शब्दाने बांधली गेली, तिथे त्या मापात न बसणाऱ्या देहाला बोलायला जागा किती उरते, हे त्यावरून कळते. मुंबईला जाऊन पैसा पाठवणारा पुरुष आणि मागे राहून आवणी करणारी स्त्री ही या भागातील कष्टाची रूढ विभागणी राहिली आहे.

श्रमाची मोजणीही येथे लिंगावरूनच सुरू होते. शेतावर रोजंदारी ठरते तेव्हा कामाचे नाव नंतर येते. आधी 'गड्याचा रोज' आणि 'बाईचा रोज' असे दोन भाव निघतात. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी बांधावरच्या या दोन भावांना त्याची झळ लागली नाही. बोलीभाषेतील 'गडीमाणूस' आणि 'बाईमाणूस' हे दोन समास याच व्यवहाराचे आहेत. एरवी 'माणूस' हा शब्द सर्वांना सामावून घेतो असे मानले जाते, पण मजुरी ठरवण्याची वेळ आली की त्याच्यामागे शेपूट किंवा पुढे शिंग लावावेच लागते. 'मनुष्यबळ' हा अलीकडचा शब्द या दोन समासांवरून पांघरूण घालतो. तो शब्द किती निरागस आहे, याविषयी शंका घ्यायला हवी.

सारोळ्याजवळचा नीरेवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्ह्यातले शिरवळ लागते. शिरवळ आणि अलीकडे खेड-शिवापूर या पट्ट्यांतील कारखान्यांकडे भोर-वेल्ह्यातील पदवीधर तरुण-तरुणी नोकरीसाठी पाहतात. बांधावरचा मुकादम मागे पडतो आणि त्याच्या जागी टेबलापलीकडे बसलेल्या 'एचआरच्या मॅडम' किंवा 'एचआरचे सर' येतात. अर्जावरचा पहिला रकाना नावाचा, आणि दुसरा-तिसरा कुठेतरी लिंगाचा. गड्याचा रोज आणि बाईचा रोज यांच्यात ज्याचा भावच निघत नाही, त्या उमेदवाराचे या टेबलासमोर काय होते, हा प्रश्न या परिसरातील प्राध्यापकांना परका नाही. पदवी हातात देऊन ज्यांना निरोप दिला जातो, त्यांच्यातच तो उमेदवार असतो.

नाईकीण आणि लेबर ऑफिसर

मनुष्यबळ व्यवस्थापन हा 'बायकी' पेशा आहे, असा समज आज अनेक ठिकाणी आढळतो. उत्पादन विभाग पुरुषांचा, एचआर स्त्रियांचा. या समजाचा इतिहास पाहिला तर तो किती अस्थिर आहे हे दिसते. इंग्लंडमध्ये यॉर्क येथील राऊंट्री या कारखान्याने १८९६ साली मेरी वुड या स्त्रीला कल्याणाच्या कामासाठी नेमले, आणि या पेशाच्या इतिहासात ती नेमणूक आरंभबिंदू मानली जाते. १९१३ साली तेथे स्थापन झालेल्या कल्याण कार्यकर्त्यांच्या संघटनेतही स्त्रियांचे प्राबल्य होते. म्हणजे पेशा जन्मला तो मायेच्या, देखभालीच्या, घरकामाच्या विस्ताराच्या रूपात.

मुंबईत तो आला तेव्हा त्याने वेष बदलला. गिरण्यांतील भरती जॉबरच्या हाती होती. मजूर आणणे, हजेरी घेणे, दस्तुरी उकळणे आणि वेळप्रसंगी दम देणे हे सर्व त्याचे काम. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, जिथे बायका काम करीत, तिथे हेच काम करणाऱ्या स्त्रीला 'नाईकीण' म्हणत. मराठीत आणि विशेषतः गोव्याकडे या शब्दाला जी दुसरी छटा आहे ती वेगळी सांगायला नको. नेमणूक करणाऱ्या पुरुषाला त्याच्या कामावरून नाव मिळाले. नेमणूक करणाऱ्या स्त्रीला मिळालेले नाव तिच्या चारित्र्याविषयी कुजबुज करीत राहिले. स्त्रीने माणसे निवडायची, म्हणजे तिच्याकडेच आधी संशयाने पाहायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

कामगारविषयक व्हिटले आयोगाने १९३१ सालच्या अहवालात जॉबरच्या जाचावर उपाय म्हणून लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले (आजची टाटा समाजविज्ञान संस्था), आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ ने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. कायद्यातले पद लिंगनिरपेक्ष होते. कारखान्यातली त्याची प्रतिमा मात्र युनियनच्या पुढाऱ्याशी चार शब्द चढ्या आवाजात बोलू शकणाऱ्या, संपाच्या दिवशी फाटकावर उभे राहणाऱ्या पुरुषाची होती. पुढे युनियन दुबळ्या झाल्या, कंत्राटी पद्धत आली, भाषेत 'कार्मिक' जाऊन 'मनुष्यबळ' आणि 'मानव संसाधन' आले, आणि पेशा पुन्हा मृदू, हसतमुख, वाढदिवसाचे केक कापणारा झाला. एकाच कामाने शंभर-सव्वाशे वर्षांत दोनदा लिंग बदलले. असे असता व्यक्तीची लिंगओळख मात्र जन्मतःच कायमची ठरलेली असते असा आग्रह याच पेशाच्या अर्जावर धरला जावा, यातला विनोद नजरेआड करण्याजोगा नाही.

रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात कंपनीतील वरिष्ठ मंडळी स्वतःसारख्याच माणसांना निवडत राहतात हे दाखवले. जोन ॲकर यांनी १९९० च्या निबंधात त्यापुढचे पाऊल टाकले : संस्थेच्या कागदावर 'पद' म्हणून जे काही लिहिलेले असते ते देहविरहित वाटते, पण त्या पदामागे गृहीत धरलेला माणूस घरचे सर्व कोणीतरी दुसरे पाहते असा पुरुषच असतो. ॲकर यांचे हे प्रतिपादन मराठी कलाकृतींना लावून पाहिले तर काय हाती लागते?

तेंडुलकरांच्या तीन कृती

विजय तेंडुलकरांच्या तीन कृती एकापुढे एक ठेवल्या तर नेमणूक करणाऱ्याच्या प्रतिमेचा एक प्रवास दिसतो. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. लीला बेणारे या शिक्षिकेवर मित्रमंडळींनी भरवलेला खोटा खटला हा त्याचा विषय. समीक्षेने या नाटकातील न्यायालयाकडे, हिंसेकडे, मध्यमवर्गीय दांभिकतेकडे वारंवार लक्ष वेधले. ते योग्यच होते. परंतु बेणारेचे खरे नुकसान कोठे होते? खटला खोटा आहे, शिक्षाही खोटी आहे. खरी आहे ती नोकरी जाणे. आणि तो निर्णय रंगमंचावर होतच नाही. संस्थेचे चालक नानासाहेब शिंदे हे कधीही प्रवेश न करणारे पात्र. त्यांचे दूरध्वनीवरील बोलणे काशीकरांच्या कानावर पडलेले असते, आणि तेवढ्यावरून प्रेक्षकाला कळते की बाईंना काढून टाकायचे ठरले आहे. ज्याच्या एका वाक्याने बाईच्या पोटावर पाय येतो त्याला चेहरा नाही, देह नाही, लिंगभावाचा कोणताही प्रश्न नाही. ॲकर यांचे देहविरहित पद तेंडुलकरांनी तेवीस वर्षे आधी दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसवून ठेवले होते.

या नाटकाची आठवण २०२५ साली नव्याने व्हावी असे घडले. जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला, लिंगओळखीमुळे शाळेची नोकरी नाकारली गेल्याबद्दल नुकसानभरपाईचा आदेश दिला आणि समान संधीचे धोरण सुचवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुन्हा शिक्षिका, पुन्हा शाळा, पुन्हा पडद्याआडचे व्यवस्थापन. फरक इतकाच की या वेळी न्यायालय खरे होते.

'मित्राची गोष्ट' (१९८१) हे नाटक महाविद्यालयीन वातावरणात घडते आणि स्त्रीच्या स्त्रीविषयीच्या आकर्षणाला मराठी रंगभूमीवर समोर आणते. त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. पण मित्राचा प्रश्न तेंडुलकर प्रामुख्याने प्रेमाचा आणि एकटेपणाचा म्हणून मांडतात. तिने पुढे कमवायचे कसे, हा प्रश्न नाटकाच्या कक्षेबाहेर राहतो. शोकांतिकेला पोटाची चिंता परवडत नाही, असे काहीसे गृहीत त्यामागे असावे.

तिसरी कृती या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटाची पटकथा तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. सुलभा महाजन ही समाजकार्याचे शिक्षण घेतलेली स्त्री घर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. मराठी चित्रपटात कल्याण-प्रशासन हा पेशा करणारी व्यक्ती इतक्या ठसठशीतपणे मध्यवर्ती क्वचितच आली असेल. चित्रपटाची चर्चा नेहमी उंबरठा ओलांडणारी स्त्री या अंगाने होते. त्यामुळे सुलभा रोज कचेरीत काय करते, याकडे दुर्लक्ष झाले. ती नोंदी तपासते, कर्मचाऱ्यांची हलगर्जी पकडते, व्यवस्थापक समितीला उत्तरे देते, प्रवेश आणि सुटकेचे निर्णय घेते. समितीला तिच्याकडून दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात : बाई म्हणून माया आणि अधिकारी म्हणून शिस्त. माया जास्त झाली तर ती अधिकारी म्हणून कच्ची, शिस्त जास्त झाली तर बाई म्हणून कोरडी. आजच्या एचआरच्या मॅडमची कोंडी नेमकी हीच आहे.

सुधारगृहातील दोन स्त्रियांची परस्परांतील जवळीक उघड होते आणि गदारोळ माजतो, तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. प्रश्न सुलभापुढे येतो तो शिस्तीचा आणि संस्थेच्या अब्रूचा म्हणून. घरच्यांच्या लेखी तिची स्वतःची 'बाईपणाची' कसोटी चालू आहे : नवरा आहे, लहान मुलगी आहे, आणि ती दोघांना सोडून नोकरी करते आहे. ज्या व्यक्तीच्या स्त्रीत्वावर रोज प्रश्नचिन्ह लावले जाते, तिनेच इतर दोघींच्या स्त्रीत्वाचा निवाडा करायचा, ही रचना विलक्षण आहे. चित्रपट तिच्यापर्यंत पोहोचतो, पण तिथे थांबत नाही. त्या दोघी कथेतून बाजूला पडतात आणि कॅमेरा सुलभाच्या संसाराकडे वळतो. तेंडुलकरांसारख्या लेखकाला जे दार दिसले ते त्यांनी अर्धेच उघडले, असे म्हणणे भाग आहे. तरीही १९८२ साली ते दिसले, हे मान्य करावे लागते. नंतरच्या चाळीस वर्षांत ते दार कोणी पुढे ढकलले नाही.

देऊळ, फड आणि रस्ता

राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणी-जोगत्यांचे जीवन मराठीत आणले. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटात लुगडे नेसायला भाग पाडलेला तायप्पा उपेंद्र लिमये यांनी साकारला आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाची सहानुभूती खरी आहे, पण तिची एक मर्यादाही आहे. तायप्पा हा मुळात पुरुष आहे आणि त्याच्यावर लुगडे लादले गेले आहे. म्हणून त्याची मुक्ती म्हणजे लुगडे टाकणे. ज्याला ते लुगडे स्वतःचे वाटते, त्याची कथा या साच्यात बसत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो दोन लिंगांची व्यवस्था पुन्हा जागेवर बसली म्हणून.

आनंद यादव यांच्या 'नटरंग'वरील रवी जाधव यांचा चित्रपट (२०१०) श्रमाच्या अंगाने अधिक बोलका आहे. विहिरीवर यंत्र येते, मोटेवरच्या गड्यांचे काम जाते आणि कसलेल्या अंगाचा गुणा तमाशाचा फड उभा करतो. फडाला नाच्या हवा असतो; कोणी मिळत नाही म्हणून गुणा स्वतः नाच्या होतो. म्हणजे लिंगभावाचे रूपांतर येथे कामाच्या अटीतून येते. रिकामी जागा आधी, देह नंतर. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला पदाचे वर्णन आणि पदावरचा माणूस यांचे नाते शिकवायचे असेल तर पाठ्यपुस्तकातील परक्या उदाहरणांपेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल. भूमिका संपली तरी समाज गुणाला तिच्यातून बाहेर पडू देत नाही, हा चित्रपटाचा पुढचा भाग. तोही कचेऱ्यांना लागू आहे.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' (२०१२, शब्दांकन वैशाली रोडे) हे आत्मकथन या सर्वांहून वेगळे, कारण येथे बोलणारी व्यक्ती स्वतः आहे. या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गीय घरात 'हिजडा' हा शब्द शिवीच्या बाहेर आणला, हे त्याचे यश. पण समीक्षेने एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी : लक्ष्मीचे जीवन असामान्य आहे. नृत्य, चळवळ, परदेशी परिषदा, दूरचित्रवाणी ही तिच्या कर्तृत्वाची क्षेत्रे. महिन्याच्या सात तारखेला पगार घेणाऱ्या, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर वारसाचे नाव लिहिणाऱ्या पारलिंगी व्यक्तीची सामान्यता या पुस्तकात शोधून मिळणार नाही. बिंदुमाधव खिरे यांच्या 'पार्टनर'सारख्या लेखनात ती सामान्यता अधिक आहे. मात्र तेथे विषय लैंगिक कलाचा आहे. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्टची स्थापना करणारे खिरे स्वतः संगणक क्षेत्रात नोकरी केलेले आहेत, ही गोष्ट त्यांच्या गद्याच्या कोरडेपणातही जाणवते. त्या कोरडेपणाला समीक्षकांनी उणीव म्हटले असले तरी तो त्या लेखनाचा गुण मानला पाहिजे. आक्रोशाची सवय लागलेल्या वाचकाला नोंदवहीची भाषा ऐकवणे हेही एक काम आहे.

केंद्र सरकारने २०२० साली नेमलेल्या राष्ट्रीय पारलिंगी व्यक्ती परिषदेवर लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्याबरोबर झैनब पटेल याही होत्या. पटेल यांनी केपीएमजी इंडिया या कंपनीत समावेशन आणि वैविध्य या कामाचे संचालकपद भूषवले. स्वतः पारलिंगी असलेली स्त्री आणि मनुष्यबळाच्या क्षेत्रातील अधिकारी, अशी ही व्यक्ती वास्तवात आहे. वास्तव पुढे गेले आणि कथा-कादंबरी मागे राहिली, असे हे उदाहरण होय.

धोरणाची भाषा

साहित्याने सोडलेली जागा धोरणांच्या दस्तऐवजांनी भरली आहे. गोदरेजच्या विक्रोळी येथील कल्चर लॅबने २०१८ साली भारतीय कार्यस्थळांतील पारलिंगी समावेशनाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. परमेश शहाणी यांचे 'क्वीरिस्तान' हे इंग्रजी पुस्तक २०२० साली आले. दोन्ही लेखने प्रामाणिक आहेत आणि अनेक मोठ्या कंपन्यांना त्यांनी हलवले. त्यांचे गृहीत मात्र मुख्य कार्यालयाचे आहे : स्वतंत्र एचआर विभाग, वैद्यकीय विमा, प्रशिक्षणाचा दिवस, इंग्रजी जाणणारा कर्मचारी. महामार्गाकडेच्या लहान कारखान्यात एचआर म्हणजे एक खोली आणि एक माणूस, आणि कामगार ठेकेदाराच्या वहीवर. जाहीरनामा त्या वहीपर्यंत जात नाही. २०१७ साली कोची मेट्रोने पारलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरी दिली तेव्हा देशभर कौतुक झाले. पण त्यांतील काहींना राहायला घर मिळेना म्हणून काम सोडावे लागले. शिरवळला किंवा नसरापूरला भाड्याची खोली शोधणाऱ्या उमेदवाराची अडचण यापेक्षा वेगळी असेल असे मानण्याचे कारण नाही. नेमणूकपत्रावर सही करणाऱ्याचा संबंध घरमालकाशीही येतो, हे धोरण लिहिणाऱ्यांना क्वचितच सुचते.

कायद्याची वाटचालही नोंदवली पाहिजे. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने लिंगओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा मानला. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाच्या मूळ तरतुदींत रोजगारातील भेदभावाला मनाई आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्याची अट होती. वेतन संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून इतर तीन संहितांबरोबर लागू झाली, १९७६ च्या कायद्यातील 'स्त्री व पुरुष' ही जोडी सोडून लिंगभावावर आधारित भेद अशी व्यापक शब्दयोजना केली. गड्याचा आणि बाईचा अशा दोन भावांची चौकट निदान कागदावर मोडली.

कागद आणि टेबल यांत अंतर असते. तक्रार अधिकारी म्हणून बहुधा एचआरचाच माणूस नेमला जातो. ज्याच्या हाती कंत्राटाचे नूतनीकरण, त्याच्याचपुढे स्वतःची ओळख उघड करून दाद मागायची. आणि तो अधिकारी स्वतःच आपली ओळख लपवून त्या खुर्चीवर बसला असेल तर? तो तक्रारदाराची बाजू घेईल, तर आपल्याकडे बोट दाखवले जाईल या भीतीने गप्प बसेल. किंवा संशय टाळण्यासाठी इतरांहून अधिक कठोर होईल. ही कल्पनाच आहे. पण कादंबरीकाराने जिचा शोध घ्यावा अशी कल्पना आहे. सुलभा महाजनच्या कोंडीचे हे पुढचे, अधिक अवघड रूप होईल. या पेशाचा कच्चा माल गोपनीयता आहे : पगार, आजार, गर्भारपण, घटस्फोट, पोलीस पडताळणी. सर्वांची गुपिते सांभाळणाऱ्याचे स्वतःचे गुपित हा विषय मराठी कथेला इतकी वर्षे दिसू नये, याचे एक कारण असे असावे की मराठी लेखक कचेरीत नोकरी करीत आला, पण कचेरीला त्याने अनुभवाचे क्षेत्र मानले नाही. ती त्याच्या लेखी लेखनापासून वेळ हिरावणारी जागा होती.

व्याकरणातील वाट

महाराष्ट्राच्या पोलीस भरतीच्या अर्जात २०२२ पर्यंत पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर त्या वर्षीच्या डिसेंबरात शासनाने तिसरा पर्याय देण्याचे मान्य केले. त्याआधी संगणक अर्जच स्वीकारीत नव्हता. कोणी 'नाही' म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. रकाना नव्हता एवढेच. नानासाहेब शिंद्यांना निदान आवाज होता.

अर्जात तिसरा रकाना आला तरी मुलाखत उरतेच, आणि ती भोर-वेल्ह्याच्या उमेदवारासाठी बहुधा मराठीत होते. इंग्रजीत बोलणाऱ्याला स्वतःविषयी सांगताना लिंग उघड करावे लागत नाही. मराठीत 'मी भोरला राहतो' की 'राहते', 'मी शिकलो' की 'शिकले', हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. व्याकरणाने तीन लिंगे दिली, पण तिसऱ्याचे नाव 'नपुंसकलिंग' ठेवले, जे माणसाला लावले की शिवी होते. शिवाय नावाआधी श्री., श्रीमती, सौ. किंवा कु. यांपैकी काहीतरी लागतेच. त्यातही पुरुषाची वैवाहिक स्थिती कोणी विचारत नाही.

तथापि भाषेचे हे चित्र एकरंगी नाही. कोल्हापूर-बेळगावकडच्या बाया सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाविषयी कोणाला शंका येत नाही. देवी अंगात आलेला पुरुष स्त्रीलिंगी क्रियापदात बोलतो तेव्हा मांढरदेवीच्या वाटेवरचा भाविक हात जोडतो. त्याला व्याकरणाची चूक काढावीशी वाटत नाही. देवळात जे चालते ते टेबलासमोर का चालत नाही, याचे उत्तर भाषेत सापडणार नाही. ते टेबलात शोधावे लागेल. 'कर्मचारी', 'अधिकारी', 'कामगार' हे शब्द मराठीत स्त्री-पुरुष दोघांना चालतात. 'आपण दिनांक अमुक रोजी रुजू व्हावे' या सरकारी वाक्यात लिंगाचा मागमूस नाही. कार्यालयीन मराठीच्या ज्या रुक्षतेची साहित्यिक मंडळी थट्टा करतात, तिच्यात नकळत एक आडोसा तयार झालेला आहे.

आणखी एक आडोसा खुद्द व्याकरणात आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मराठी क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. 'मी पदवी घेतली', 'मी दोन वर्षे काम केले', 'मी यंत्र चालवले' ही वाक्ये कोणीही उच्चारली तरी तशीच राहतात. 'मला हे काम येते' यातही बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. म्हणजे उमेदवार स्वतः कोण आहे हे सांगू लागला की भाषा त्याला अडवते. त्याने काय केले आणि त्याला काय येते एवढेच सांगितले तर ती त्याला वाट देते. मुलाखतीची पहिली ओळ 'तुमच्याविषयी सांगा' अशी असते. ती 'तुम्ही कोणते काम केले आहे, ते सांगा' अशी करायला कोणत्याही धोरणाची, अर्थसंकल्पाची किंवा मुख्य कार्यालयाच्या परवानगीची गरज नाही.